गाळलेले सहा ठिपके

"गाळलेलं कुठं ठेवलंस?"

शिकवणाऱ्या रेगेबाईंनी एवढंच विचारलं. शार्दूलला वाटलं, म्हातारीला काही कळलेलंच नाही.

डोंगरावरच्या वेधशाळेतलं प्रशिक्षण. नव्या खगोलशास्त्र्यांनी बसल्या जागी जगभरच्या दुर्बिणींच्या नोंदी इंटरनेटवरून कशा ओढायच्या, कशा चाळायच्या, ते शिकायचं. शार्दूल सगळ्यात हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याचा शोधनिबंध तयार होता : 'आकाशातला सर्वांत शांत तारा'. प्रकाश जराही कमीजास्त न होणारा, आलेख म्हणजे सरळ रेघ. पाच वाजेपर्यंत पाठवला तर परदेशची शिष्यवृत्ती पक्की, नाहीतर वर्ष वाया.

"ठेवायचं काय, बाई? ढग, विमानं, कॅमेऱ्याचे दोष. चाळणीची एक ओळ लिहिली, कचरा साफ."

"काढ तो कचरा. एकटाच मांड."

अरे देवा, आता हे कशाला! पण नाही कसं म्हणणार? त्यानं बटणं दाबली. पडद्यावर सहा ठिपके उमटले. सहाही वेळा तारा मंदावला होता.

"मधली अंतरं वाच."

"सोळा दिवस. आठ. चार. दोन... एक."

दर वेळी बरोब्बर निम्मं. दुपारच्या उन्हातही त्याला खोली गार वाटू लागली.

"शेवटचा कधीचा?"

"कालचा. दुपारी चारचा."

"आणि पुढं?"

"अर्धा दिवस. मग पाव. मग त्याच्या निम्मा..."

"बेरीज कर."

त्यानं केली. पुन्हा केली.

"आज चार वाजता सगळं संपतं, बाई."

भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं होती. तारा चारशे प्रकाशवर्षं लांब. म्हणजे जे काही व्हायचं, ते चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. फक्त इथं पोचायचं राहिलं होतं.

"नव्या नोंदी ओढ," बाई म्हणाल्या.

दोघं बघत बसले. पंखा कुरकुरत होता.

चार वाजले.

एक ओळ आली. प्रकाश : शून्य.

त्यानं नीट वाचायच्या आत ती गेली. कचरा गाळणारी त्याचीच चाळणी अजून चालू होती. खाली अक्षरं उमटली : 'सदोष नोंद वगळली.'

वरचा ताऱ्याचा आलेख होता तसाच. सरळ, सपाट.

रेगेबाई खुर्ची सरकवून उठल्या. पदर सावरला, मान खाली घातली आणि उभ्या राहिल्या, मयत दारावरून जाताना माणसं राहतात तशा.

शार्दूलचं बोट निबंध पाठवायच्या बटणावर होतं.

"बाई... काय करू?"

त्यांनी मान वर केली.

"मला काय विचारतोस, बाळा? आलेख बघ की... किती शांत आहे."