पेंढ्याची गंजी आणि सुटलेली गाडी

“नवी आलीय ती नुसती फुगलेली दिसते. अंगात जोर म्हणून नाही हो!” कुंभाराच्या आवारातली दगडी भिंत दाराला सांगत होती. फार जुनी गोष्ट ही. तेव्हाही भिंतींना हळू बोलता येत नसे. शेजारीच उभ्या पेंढ्याच्या गंजीने सगळं ऐकलं. कालच तर आली होती ती; तिने नुसती कमरेची दोरी आवळून घेतली.

तेवढ्यात वर चढावर उभ्या असलेल्या हातगाडीच्या चाकाखालचा दगड निसटला. गाडीत बाजाराला निघालेली मडकी खच्चून भरलेली. गाडी सुटली ती थेट भिंतीच्या रोखाने! आधीच एवढं ओझं, त्यात उतारावर वेग वाढतच चाललेला.

“अगं आई गं! मेलो!” मडकी ओरडली.

“घाबरू नका रे! मी आहे ना. एका धक्क्यात थांबवते!” भिंत म्हणाली.

“एका धक्क्यात नको!” मडकी किंचाळली.

गंजीने कमरेची दोरी सोडली आणि ती भसकन भिंतीपुढे पसरली. गाडी आत घुसली. पेंढा दबला, मागे सरला, आणखी दबला. गाडी मंदावली, अजून मंदावली आणि भिंतीला टेकायच्या आत उभी राहिली. गाडीतल्या सगळ्यांत चिमुकल्या पणतीचाही टवका उडाला नव्हता!

“योगायोग हो,” भिंत दाराला म्हणाली.

विस्कटलेली गंजी अंगावरची धूळ झटकत पहिल्यांदाच बोलली, “जोर तुमच्यातच आहे, आत्याबाई. मी फक्त थांबवायला जरा वेळ घेतला.”