नवलाईचा कान

सुरंगाडीच्या खाडीत, बंदराच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडात खोदलेली एक जुनी गोदी आहे. भरतीला तिच्यात छातीभर पाणी चढते, ओहोटीला चिखल आणि खेकडे उरतात. काठावर पुरुषभर उंचीचा सागवानी नाळेचा तुकडा उभा केलेला आहे. नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक. त्या तुकड्याला नांगराचा दोर ओवायचे एक भोक आहे. गावात त्याला ‘कान’ म्हणतात, आणि त्याच्या कडा हात लागून लागून काचेसारख्या झाल्या आहेत.

गोदी पाहायला पाहुणे आले की दत्तारामआप्पा भाटकर छत्री टेकत हजर होतात. त्यांनी आरमारात तेवीस वर्षे काढली. ज्या युद्धनौकेवर ते भरती झाले ती म्हातारी होऊन निवृत्त झाली. काही वर्षांनी नवी कोरी नौका आली तिला तेच नाव मिळाले, आणि आप्पा तिच्यावर चढले. “लोखंड नवं, तोफा नव्या, पण हाक मारली की जुनीच ओ देते,” असे ते सांगतात. ही रीत आरमाराने सुरंगाडीकडून उचलली, असेही ते छातीठोक सांगतात. आरमाराला विचारले तर ते वेगळे सांगेल. पण इथे सांगायला आप्पा असतात, आरमार नसते.

मग गोष्ट सुरू होते.

मराठ्यांच्या आरमाराच्या काळात या गोदीत नवलाई नावाची गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, बांधली होती म्हणे. दोन डोलकाठ्या, अकरा तोफा, आणि नाव गावदेवीचे. एका फाल्गुनात फिरंग्यांशी झालेल्या लढाईत ती खाडीच्या तोंडाशीच बुडाली. गावातली चौतीस माणसे तिच्यावर होती. एकही परतले नाही.

त्या चौतीसांत जहाजावरचा सुतार भिवा होता. त्याचे लग्न होऊन बाविसावा दिवस होता. त्याची बायको सासरच्या घरात अजून पाहुण्यासारखीच वावरत होती; मीठ कुठे ठेवतात तेही तिला विचारावे लागे. भिवा गेला आणि विचारायलाही कोणी उरले नाही. एक सासरा, गोदीतला मुख्य मेस्त्री, आणि तो बोलेनासा झाला. गावाने तिला पांढऱ्या पायाची ठरवले.

गावाने आणखी एक गोष्ट ठरवली. बुडालेल्या जहाजाचे नाव खाडीत काढायचे नाही, दर्याला चटक लागते. लोक ‘ती’ म्हणू लागले. पण जहाजाचे नाव गेले तशी त्यावरच्या माणसांची गोष्टही जायला लागली. ‘नवलाईवरचा भिवा’ म्हणता येईना, म्हणून भिवाचे नावच निघेना. बोलता बोलता बाया गप्प होत आणि माशांच्या भावावर येत. ही मुलगी मुळातच कमी बोलणारी. ती कोपऱ्यात बसून सारे पाहत होती. बाविसाव्या दिवशी नवरा एकदा गेला होता. आता तो रोज थोडा थोडा जात होता.

पावसाळ्यानंतर गोदीत नवी गुराब तयार झाली. सुभेदाराने तिला नाव धाडले ‘फत्तेनशीब’. कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणाला, भर दुपारी, ती पाण्यात लोटायची होती. फिरंग्यांची गलबते बाहेर घिरट्या घालत होती. हे उधाण हुकले तर पंधरा दिवस बसून राहावे लागणार होते.

दोनशे माणसे दोरांना लागली. “हैस्सा!” गुराब हलेना. ओंडक्यांना वंगण चोपडले, नारळ फोडले, देवीला कौल लावला. गुराब ढिम्म.

आता सुरंगाडीच्या सुतारांची एक जुनी चाल होती. नव्या जहाजाच्या नाळेत जुन्याची एक फळी बसवायची. थोरलीने धाकटीचा हात धरावा तशी. या वेळी फळी आणणार कुठून? मेस्त्रीने मुकाट्याने नवे लाकूड ठोकले होते. लोक आता त्या लाकडाकडे बघू लागले.

तेवढ्यात गर्दी फाकली. भिवाची बायको काखेत पाट घेऊन येत होती.

“माघारी फिर गो! शुभ कामात कुठं तडफडतेस?” एक म्हातारी ओरडली.

“मी नाही आले तरी कुठं हललीय?” ती म्हणाली.

तिने पाट सासऱ्यापुढे ठेवला. नवलाईची डागडुजी केली तेव्हा भिवाने तिची एक किडकी फळी काढली होती. तिचा चांगला भाग घासूनपुसून त्याने बायकोसाठी पाट केला होता. नवलाईचे तेवढेच लाकूड जमिनीवर उरले होते. सुनेला रोज त्यावर बसून जेवताना मेस्त्री पाहत होता. आठ महिने तो मागायला त्याची जीभ उचलली नव्हती, आणि तो का बघतो हे आठ महिने तिला ठाऊक होते.

“घ्या मामंजी. पण फळी तिची, तर नावही तिचंच.”

जहाज लोटायला जातीने आलेला सुभेदार हसला. “बुडालेल्या नावावर खलाशी चढतील होय?”

“लाकूड बुडलं, माणसं बुडाली. नाव कसं बुडेल? माझ्या तोंडात आहे ते. आणि खलाशांचं मला काय विचारता? ते उभे आहेत समोर.”

भरती ओंडक्यांना शिवून मागे सरायला लागली होती. मग एक तांडेल, खलाशांचा म्होरक्या, पुढे आला. त्याचा धाकटा भाऊ चौतीसांत होता.

“नवलाई म्हणा, चढतो,” तो म्हणाला. “त्या दुसऱ्या नावावर माझा कोणीच नाय.”

मागून एकेक हात वर झाला. सुभेदाराने पाण्याकडे पाहिले आणि मान हलवली.

मेस्त्रीने पाट कापला. करवत चालताना त्याचे ओठ हलत होते, असे सांगतात. फळी बसली. आता नाव ठेवायचे कोणी? बारशाला आत्या कानात कुर्र करते, तसे इथे एका सवाष्णीने नाळेच्या भोकात नाव सांगायचे असे. पण ते नाव पहिल्यांदा तोंडातून काढायला एकही सवाष्ण पुढे येईना.

“मी सांगते,” ती म्हणाली. “माझं आणखी वाईट व्हायचं काय राहिलंय?”

तिने टाचा उंच केल्या, भोकाला तोंड लावले आणि काहीतरी बोलली. एका नावाला लागतो त्याहून जास्त वेळ लागला म्हणे. मग गुराब करकरली, आणि दोर ताणायच्या आधीच पाण्यात उतरली. उधाणाची शेवटची लाट तेव्हाच आली होती, असे म्हणणारेही आहेत. आप्पा त्यांना छत्री दाखवतात.

सुभेदाराने खुशीत विचारले, “पोरी, तुझं नाव काय?”

मेस्त्रीने तोंड उघडले आणि मिटले. तिला काय हाक मारतात ते सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणालाच उच्चारवेना.

“लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं नाव तो घेऊन गेला,” ती म्हणाली. “ते त्याच्यापाशी राहू दे. माहेरी मला चांगुणा म्हणतात.”

मग म्हणे मेस्त्री दोनशे माणसांसमोर मोठ्याने म्हणाला, “चांगुणा, चल घरी.”

ती नवलाई सतरा वर्षे लढली आणि म्हातारी होऊन मोडली. तिची फळी तिसरीत गेली, तिसरीची चौथीत. पुढे आरमार संपले, तोफा गेल्या, नाव मासेमारीच्या होड्यांवर आले. पण ते मोकळे कधी पडले नाही.

आजही सुरंगाडीत नवी नवलाई पाण्यात उतरते तेव्हा गावात सगळ्यांत शेवटी आलेली सून तिच्या कानाशी उभी राहते. आधी तिने आपले माहेरचे नाव खणखणीत सांगायचे, मग होडीचे नाव कानात हळूच. सासूबाई शेजारी उभ्या राहून खोकतात, कारण बऱ्याच जणींना सुनेचे माहेरचे नाव त्या दिवशीच कळते. गेल्या वर्षीची सून फारच लाजाळू निघाली. ओठ हलले, आवाज वाऱ्यावर गेला. दोर धरलेली माणसे वाट बघत थांबली, भरती थांबणार नव्हती. तेव्हा मागून नव्वदीची एक म्हातारी ओरडली, “आयकू नाय आलं गो बाय! परत सांग!”

तिने परत सांगितले. नाव पलीकडच्या काठापर्यंत गेले.