नाथा फुलाऱ्याची आनंदाची घटका

एका गावात एक भोळा फुलारी होता. नाथा त्याचं नाव. गावात लग्न असो, बारसं असो, मारुतीची पूजा असो, हार नाथाचाच. त्यामुळे त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. भाकरी तो उभ्याउभ्या खायचा. बायको, ठकू, काही बोलायला लागली की "आलोच" म्हणायचा आणि कधीच यायचा नाही. हसू नका. ही गोष्ट सांगायला बसल्यापासून मला आतून दोनदा हाक आली आहे, आणि दोन्ही वेळा मी "आलोच" म्हटलं आहे.

होता होता नाथाचं हसणं बंद झालं. झोप उडाली. डोळा लागलाच तर स्वप्नातही तो माळा ओवायचा, आणि सकाळी बोट चोळत उठायचा. ठकू कंटाळली. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "बाजारादिवशी माझा दादा गाडी घिऊन येतोय. तवर तुमी घटकाभर सुखानं बसायला शिकला तर मी ऱ्हाते. न्हाईतर जाते म्हायेरी. दगडासंगं संसार कोण करंल?"

नाथाला धडकी भरली. ठकूवर त्याचा फार जीव होता. तिला ते सांगायचं तेवढं राहून गेलं होतं, कारण लग्नसराई होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "डोकं हाय का फुटकी परडी?" आणि धावत वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "रोग काही नाही," ते म्हणाले. "दुपारी जेवण झालं की हातातलं काम खाली ठेव. अंगणात लिंबाखाली घटकाभर बस. काही म्हणजे काही करू नकोस."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी नाथा बसला. काहीच करेना. तेवढ्यात शेजारची बकरी आली आणि तिने मारुतीचा हार एका टोकापासून खायला घेतला. नाथा बघत होता. बकरी गोंड्यापर्यंत पोचली तेव्हा ठकू बाहेर आली.

"अवो, बकरी हार खातीया."

"दिसतंय की. पर मला काय करायचं न्हाई."

ठकूने कपाळावर हात मारला. "अंगणात असं कुणी शिरलं तर काठी घ्यायची आन् पार बोळाबाहेर हाकलायचं."

"चुकलंच माझं," नाथा म्हणाला. "डोकं हाय का फुटकी परडी?"

दुसऱ्या दिवशी तो मांडीवर काठी घेऊन बसला. पाटील आले. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, हार सांगायचे होते. "राम राम, नाथा," म्हणत ते अंगणात शिरले. नाथा काठी घेऊन उठला. पुढे पाटील, मागे पाटलांचं पागोटं, त्यामागे नाथा. बोळ संपला तेव्हाच तो थांबला. लग्नाचे हार शेजारच्या गावाला गेले.

"गाढवापुढं वाचली गीता," ठकू म्हणाली. "अवो, माणूस आला तर हात धरून घरात आणावं. पाटावर बसवावं, गूळपाणी द्यावं, हवं-नको बघावं. निघाला की येशीपतुर पोचवावं."

"चुकलंच माझं. डोकं हाय का फुटकी परडी?"

दुसऱ्या दिवशी ठकू धुणं घेऊन नदीवर गेली होती. एक अनोळखी माणूस खांद्यावर रिकामं पोतं टाकून, इकडेतिकडे बघत अंगणात आला. नाथाने त्याचा हात धरला. माणूस दचकला. हात सोडवायला लागला. नाथा कसला सोडतोय. त्याने त्याला आत नेलं, पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि विचारलं, "काय हवं-नको?"

माणसाने घरभर नजर फिरवली. "ती घागर बरी दिसतीया," तो चाचरत म्हणाला.

नाथाने घागर दिली. मग परात दिली. पोतं जड झालं म्हणून ते वेशीपर्यंत स्वतःच्या डोक्यावर नेलं. निरोप घेताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं घर त्याला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

ठकूने हे ऐकलं आणि ओलं धुणं तसंच खाली ठेवलं. मग म्हणाली, "नीट ऐका. तुमच्या घटकंत कुणाला म्हणून जवळ करू नका. कुणी का असंना. सरळ सांगायचं, 'आत्ता न्हाई, उद्या या.' कितीबी गोड बोललं तरी जागचं हलायचं न्हाई."

"चुकलंच माझं," नाथा म्हणाला, आणि ते वाक्य त्याने पाठ केलं.

बाजाराचा दिवस उजाडला. दुपारी दादाची गाडी दारात उभी राहिली. ठकूचं बोचकं बांधून तयार होतं. पण ते उचलताना तिने अंगणात पाहिलं. हार गेला, पाटील गेले, घागर गेली, तरी हा बाबा रोज दुपारी लिंबाखाली येऊन बसतोच आहे. कुणासाठी? आपल्यासाठी. तिला भरून आलं. तिने बोचकं सोडलं, दादाला थांबायला सांगितलं, केसांत फूल माळलं आणि दादासाठी केलेल्या गरम पुरणपोळीचं ताट घेऊन हसत हसत ती लिंबाखाली आली.

"सरका जरा. मी बी बसते."

नाथा म्हणाला, "आत्ता न्हाई. उद्या या."

ठकूला वाटलं, चेष्टा करतोय. किती दिवसांनी. "अवो, मी ठकू. पोळी खावा गरम हाय तवर."

तुपाचा वास आला. नाथाच्या तोंडाला पाणी सुटलं. पण तो जागचा हलला नाही.

"कितीबी गोड बोला. उद्या या."

ठकूचं हसू गेलं. "दादानं बैलं सोडलेली न्हाईत अजून. जाऊ का मी?"

नाथाने डोळे गच्च मिटून घेतले.

ठकूने ताट बकरीपुढे सरकवलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

सावली उंबऱ्याला टेकली, घटका संपली. नाथा उठला. त्याला अगदी हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचं काही चुकलं नव्हतं. कधी एकदा ठकूला सांगतो असं त्याला झालं. तो हाका मारत घरभर फिरला. शेवटी शेजारच्या येसाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "कुणाला हाका मारतोस? ठकू गेली गाडीतनं. रडत गेली बिचारी. पळ, गाडी अजून वढ्यालाच असंल."

नाथा हसला. किती तरी महिन्यांनी, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"काकू, तुमी बी लई भोळ्या," तो म्हणाला. "मी तिला उद्या यायला सांगितलंय." आणि सुईत दोरा ओवून तो निवांत हार करायला बसला.