पर्णिनीचा उःशाप

त्रेतायुगाच्या आरंभी, वेत्रवतीच्या तीरी, जिथे हरिणशावके वेदीजवळच्या दर्भावर निर्धास्त निजत, तिथे शंखशीर्ष नावाचे महाक्रोधी अग्निहोत्री ऋषी राहत. त्यांना दोन कन्या. थोरली पर्णिनी, आईवेगळी. धाकटी मदलेखा, दुसऱ्या पत्नीची. सावत्रपणा मोठ्यांच्या मनात असतो, पोरींना त्याचे काय? पर्णिनीने धाकटीला कडेवर वाढवले.

मदलेखेचा विवाह राजा चित्रधन्व्याशी ठरला. पिता तीर्थाला गेले असता अग्नी राखण्याची पाळी तिची होती; पण ती केसांत फुले माळत बसली आणि अग्नी विझला. विझलेला अग्नी प्रायश्चित्त करून, अरणी घासून पुन्हा सिद्ध करायचा असतो. एवढे कष्ट कोण घेणार? तिने चुलीतला निखारा उचलून वेदीत टाकला.

शंखशीर्षांनी परतल्यावर आहुती दिली, तो धूर काळा निघाला. ते गरजले, "हा विटाळ कुणी केला?"

मदलेखा बहिणीच्या आड सरली. अग्नी विटाळणाऱ्या मुलीला राजा कशाला वरतो? तेव्हा पर्णिनी पुढे झाली. "मी केला, तात."

"तर पक्षिणी हो आणि झुडपांत तोंड लपवून फीर." शाप तोंडून सुटला, आणि मग बापाचे डोळे भरले, रागीट माणसाला शहाणपण उशिराच सुचते. त्यांनी उःशाप दिला, "हा अपराध अग्नीसमोर दुसरे कुणी आपल्या माथी घेईल, तेव्हा तू मनुष्यरूप पावशील."

पर्णिनीला निखाऱ्याच्या रंगाचे पंख फुटत असता मदलेखा तिच्या कानाशी म्हणाली, "ताई, लग्न तेवढे होऊ दे. मग मी सांगते."

लग्न झाले. मग म्हणे, पुत्र होऊ दे. मग म्हणे, त्याची मुंज होऊ दे. गरज सरो, वैद्य मरो. पर्णिनी राजवाड्याच्या उपवनात बारा वर्षे वाट पाहत राहिली.

बाराव्या वर्षी राजाने वरुणाचा यज्ञ मांडला. त्या यज्ञात यजमानपत्नीला आपला लपवलेला दोष अग्नीसमोर उघड सांगावा लागतो, त्यावाचून आहुती पडत नाही. पर्णिनी यज्ञस्तंभावर येऊन बसली. पुरोहिताने विचारले, "राज्ञी, आपला दोष कोणता?"

मदलेखेने वर पाहिले, बहिणीला ओळखले आणि शांतपणे म्हणाली, "माझा काही नाही. माझ्या सावत्र बहिणीने पित्याचा अग्नी विटाळला होता, तेवढाच आमच्या कुळाला डाग आहे."

सावत्र हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारला.

ज्वाळा खवळल्या. त्यांतून अग्निदेव प्रकट झाले, पण दिसले एकट्या पर्णिनीला. "कन्ये, त्या दिवसाचा साक्षी मी आहे. तू नुसती मान हलव. हिला भस्म करतो, म्हणजे अपराध हिच्या माथी जाऊन तुझा शापही इथेच संपेल."

पर्णिनीला संताप आला, रडू आले, ती सगळी बारा वर्षे डोळ्यांपुढून गेली. तरी मान काही हलली नाही. आपल्या हाताने वाढवलेले पोर जाळायला कसे सांगायचे?

"मग शाप तुझ्याचकडे राहील," अग्निदेव खिन्नपणे म्हणाले. "एवढाच वर देतो, की जो तुला पाहील त्याचे काम होईल."

तोच हा भारद्वाज पक्षी. तो दिसला, की शुभकार्याला निघालेली माणसे हात जोडतात आणि हसतमुखाने पुढे जातात. मदलेखा राणी भरल्या घरात, नातवंडे-पतवंडे पाहून म्हातारी झाली. रोज सकाळी ती दासीला सांगे, "उपवनात तो पक्षी कुठे दिसतो का बघ ग. दिवस चांगला जातो."