पावलांची रेघ

“म्हणजे एवढा पुरावाही पुरेसा नाही?”

प्राध्यापक वाळिंबे यांचा आवाज चढला होता. वय सत्तर, हातात भिंग आणि एक मोठा फोटो.

मठाच्या ओसरीवर आत्मानंदबुवा सुपातले तांदूळ निवडत बसले होते.

“मी कुठं तसं म्हटलं? द्या ते भिंग. खडे शोधायला बरं आहे.”

वाळिंब्यांनी फोटो पुढे केला. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने बावीस किलोमीटर उंचीवरून घेतलेला. करडी माती, खड्डे, आणि मधून गेलेली एक काळपट, बारीक रेघ.

“ही त्यांच्या पावलांची वाट. माणसं तिथं चालली, बुवा. पन्नास वर्षं झाली, तरी पुसली नाही. तिथं वारा नाही.”

बुवांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“दिसली.”

“मग एवढंच दिगूला सांगा. माझ्या धाकट्या भावाला. तो तुमचं ऐकतो. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, आणि तो सगळ्यांना सांगतो, चंद्रावर कुणी गेलंच नाही, फोटो खोटे आहेत. आठ महिने एका घरात राहून माझ्याशी बोलत नाही. रविवारी मुलीकडे चाललाय... कायमचा.”

“पहिल्यापासून असंच म्हणायचा?”

“छे! रेडिओवर बातमी लागली तेव्हा अंगणात नाचला होता. दहा वर्षांचा होता.”

“मग कधीपासून?”

वाळिंब्यांनी फोटो परत घेतला.

“त्याची बायको गेली... सुमित्रा. तेव्हापासून.”

बुवांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“पीठ पसरलं होतं?”

“हो. ती गेली त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकली होती. सकाळी उघडून बघतात ना, कशाचं पाऊल उमटलंय, माणूस कुठल्या जन्माला गेलं...” ते ओशाळं हसले. “तुम्हाला काय सांगायचं.”

“मग?”

“दिगू पहाटेपासून टोपलीपाशी बसून होता. मला हाक मारली. म्हणाला, दादा, चिमणीचं पाऊल आहे. दिसतंय का रे?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“उंदीर असेल, म्हणालो.”

“वाकून पाहिलंत?”

“...नाही. दारातूनच म्हणालो.”

सुपातले तांदूळ तसेच राहिले होते.

“आणि हा फोटो?”

“त्याच आठवड्यात दाखवला. म्हटलं, जरा मन दुसरीकडे जाईल. हीच रेघ दाखवली. तर म्हणाला, कशावरून माणसाचं पाऊल? उंदीर असेल...”

वाळिंबे थांबले. त्यांनी फोटो मांडीवर उलटा ठेवला.

मग त्यांनी विचारलं, “बुवा... ते पाऊल तिचंच होतं का?”

बुवांनी भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं हळूच मिटवली.

“बावीस किलोमीटर,” बुवा म्हणाले. “आणि दारापासून टोपली किती लांब होती?”