अनवाणी राखण

एका गावात एक देव राहत होता आणि अंधार पडला की तो चालायला निघे.

गाव जंगलात होते. पूर्वजांनी तिथे पहिली चूल मांडली तेव्हा देवाने त्यांना शब्द दिला, "तुमची शीव मी राखीन." गावाने शब्द दिला, "तुझ्या पायांची काळजी आम्ही घेऊ." म्हणून दर वर्षी पाळीपाळीने एक घर देवळाच्या पायरीवर नव्या वहाणा ठेवी. देवाला कोणी पाहिले नव्हते. पण वर्षाअखेर त्या वहाणांचे तळ झिजलेले असत आणि टाचांना शिवेवरचा तांबडा चिखल असे. ते पाहून पोरांच्या अंगावर काटा येई. मोठ्यांच्याही येई, पण ते बोलून दाखवत नसत.

एका वर्षी पाळी रेवजीची आली. रेवजी म्हणजे गावातला शहाणा माणूस. निदान तो स्वतः तसे सांगत असे. तो म्हणाला, "आपण वहाणा द्यायच्या आणि त्याने राखण करायची. सरळ व्यवहार आहे. यंदा मी देत नाही. बघू काय करतो ते."

"अहो, हा व्यवहार नव्हे, शब्द आहे," त्याची बायको सगुणा म्हणाली.

"एकच की गं ते," रेवजी हसला.

जुन्या वहाणा फाटून गेल्या. पायरी रिकामी राहिली. गाव जीव मुठीत धरून बसले, पण काहीच झाले नाही. वाघ आला नाही, गुरे सुखरूप राहिली. रेवजीची मान ताठ झाली. फक्त पहाटे पाण्याला जाणाऱ्या बाया सांगू लागल्या, की शिवेवरून कोणीतरी लंगडत गेल्यासारखे ऐकू येते. रेवजीने त्यांना वेड्यात काढले.

मग एका संध्याकाळी रेवजीची लहानगी चंद्री करडू शोधत शिवेपलीकडे गेली आणि परतलीच नाही. माणसे मशाली घेऊन रान धुंडाळत राहिली. हाका मारून मारून रेवजीचा घसा बसला. देवाकडे पोर परत मागायला रेवजीला तोंड उरले नव्हते.

उजाडल्यावर चंद्री सापडली. करडाला कुशीत घेऊन ती एका झाडाखाली बसली होती. तिच्याभोवती चिखलात अनवाणी पावलांचे रिंगण उमटले होते. एकेक पाऊल माणसाच्या दुप्पट मोठे, आणि प्रत्येक पावलात रक्त साकळलेले. रिंगणाबाहेर वाघाचे ठसे होते. तेही बराच वेळ फिरले होते आणि मग माघारी गेले होते.

"बाबा, तो रात्रभर चालत होता," चंद्री म्हणाली. "मी म्हटलं, बस ना जरा. तर म्हणाला, शब्द दिलाय."

रेवजीने खाली वाकून एका पावलाला हात लावला. त्याला वाघाच्या ठशांची भीती वाटली नाही, त्या रक्ताची वाटली. देवाने शिक्षा केली असती तर त्याने ती सोसली असती. हे त्याला सोसवेना.

त्याच दिवशी त्याने आतून मऊ कातडे लावलेल्या वहाणा करवून घेतल्या आणि पायरीवर ठेवल्या. सकाळी जाऊन पाहिले तर तळाला ताजा चिखल होता आणि आतले कातडे रक्ताने भिजले होते. रेवजीने ते धुतले, वाळवले आणि वहाणा परत ठेवल्या. दुसऱ्या सकाळीही तेच. मग तो रोजच जाऊ लागला. वर्ष सरले, पाळी दुसऱ्या घरी गेली, तरी तो जातच राहिला.

"आणखी किती दिवस धुणार?" सगुणेने विचारले.

"ते मी मोजत नाही," रेवजी म्हणाला. "त्याने कुठे मोजले?"

तात्पर्य: व्यवहार एकाने मोडला की संपतो. देवाने दिलेला शब्द आपण आपला शब्द मोडला म्हणून संपत नाही. फक्त आपल्या वाट्याचेही त्यालाच सोसावे लागते.