शेवंती आणि विसर

चाफेआळीत शेवंती नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. तिला आई नव्हती. होते ते बाबा आणि बाबांचं कल्हईचं दुकान. जमिनीत खणलेली इवलीशी भट्टी, चामड्याचा भाता आणि वर ठिगळं लावलेलं छप्पर, एवढंच ते दुकान. लोकांची पितळेची भांडी बाबा आतून चांदीसारखी लखलखीत करून द्यायचे आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र मातीचं मडकं! असंच असतं बघा जगात. त्यातून बाबांना खोकला लागला. इकडे आळीतल्या लोकांनी पितळ माळ्यावर टाकलं आणि मोठ्या बाजारातून नवी भांडी आणली. भट्टी थंड पडली ती पडलीच.

एके सकाळी शेवंती पाण्याला निघाली, तर काय! हसनचाचा पिंजाऱ्यांचं दुकान जागेवर नाही. तिथे नुसती भिंत. करडी, ओलसर, शेवाळलेली.

"काकू, हसनचाचा कुठे गेले हो?" तिने समोरच्या फुलवाल्या काकूंना विचारलं.

"कोण हसनचाचा?" काकू गजरा गुंफत म्हणाल्या. "तिथे तर पहिल्यापासून भिंतच आहे. सकाळी सकाळी काय बडबडतेस गं?"

दुसऱ्या दिवशी गोदाक्का कासारणीचं बांगड्यांचं दुकान गेलं. तिसऱ्या दिवशी पिठाची गिरणी गेली. तिथेही भिंती. आणि ज्याला विचारावं तो म्हणे, कोण गोदाक्का? कुठली गिरणी? अख्ख्या आळीत एकट्या शेवंतीलाच त्यांची आठवण होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती बाबांच्या पायांवर गोधडी घालायला गेली. घोट्याखाली पाऊलच नव्हतं. होता नुसता करडा धूर.

"पाय जरा गार पडलेत गं बाळा, बाकी काही नाही," बाबा क्षीण आवाजात म्हणाले.

तेवढ्यात फुलवाल्या काकू दारात डोकावल्या. त्यांनी बाबांच्या अंथरुणाकडे बघितलं, पण त्यांना काही दिसलंच नाही. "काय गं पोरी," त्या म्हणाल्या, "तू इथे एकटीच राहतेस ना?"

शेवंती धावत सुटली ती थेट आळीच्या टोकाच्या ओसाड बागेत. त्या बागेत कुणी जात नसे. तिथे झाडं कुजबुजतात, असं मुलं म्हणत. पण आता आळीचीच जास्त भीती वाटत होती. बकुळीखाली बसून ती हमसून हमसून रडली. रडता रडता तिला मातीत रुतलेली एक काळीकुट्ट घागर दिसली. कल्हईवाल्याची लेक ती! भांडं मळकं दिसलं की हात शिवशिवायचेच. तिने परकराच्या टोकाने घागर घासायला घेतली. घासली, पुन्हा घासली, आणि आतून रुपेरी उजेड पाझरला.

घागरीच्या काठावर एक अंगठ्याएवढी परी येऊन बसली! कांद्याच्या पापुद्र्यासारखे नाजूक पंख, त्यांवर गुलाबी, पोपटी, सोनेरी झाक आणि पायांत इवलेइवले पैंजण.

"घाबरू नकोस, सोनुली," परी म्हणाली. "तुझ्या आळीत विसर शिरलाय. जिथे सात दिवस माणसाचे हात चालत नाहीत, ते दुकान तो गिळतो. मग त्या माणसाची आठवणही गिळतो. तू मला उजळवलंस, म्हणून तुला तीन इच्छा. पण नियम ऐक. दिवेलागणीच्या आत मागायचं. ज्याच्यासाठी मागशील, त्याच्या हातांची एक खरी आठवण सांगायची. आणि स्वतःसाठी, स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही."

"मग माझे बाबा?" शेवंती किंचाळलीच. "आज त्यांची भट्टी थंड पडून सातवा दिवस आहे! त्यांना नाही मागायचं?"

परीचे पंख मलूल झाले. "नाही गं राणी. नियम माझाही नाही, मोडता येत नाही."

सूर्य कलला होता. बागेच्या कुंपणावरून करडं धुकं आत सरपटत होतं. शेवंतीला वाटलं, नकोतच या इच्छा! माझे बाबा जाणार, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात? पण त्या भिंतींमागे हसनचाचा अंधारात बसले असतील, हे तिला सोसवेना. तिने डोळे पुसले.

"हसनचाचा येऊ देत. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात ते मला हळूच झोपवायचे आणि धनुकलीची तार छेडायचे. टुंग, टुंग."

एक गुलाबी ठिणगी उडाली.

"गोदाक्का येऊ दे. बांगड्या भरताना ती माझा हात लोण्यासारखा मऊ दाबायची आणि म्हणायची, बोटं सैल सोड, म्हणजे दुखत नाही."

पोपटी ठिणगी उडाली.

"आणि गिरणीवाले..." शेवंती अडखळली. नाव आठवेना. चेहरा आठवेना. अगं बाई, विसर तिच्याही डोक्यात शिरला होता! मग तिला पोटाशी ऊब जाणवली. "थंडीत ते ताज्या पिठाचा डबा माझ्या पोटाशी धरून द्यायचे. गरम गरम. म्हणायचे, शेकत शेकत जा."

सोनेरी ठिणगी उडाली, आणि शेवंती घराकडे पळत सुटली.

आळीत धुकं गुडघ्यापर्यंत चढलं होतं. बाबांचा आता फक्त चेहरा आणि छाती उरली होती. शेवंती त्यांना बिलगली. एवढ्यात दारात धापा टाकत तिघं आले.

"बेटी, काळोखात तुझा आवाज ऐकू आला," हसनचाचा म्हणाले. त्यांच्या दाढीत नेहमीसारखा कापूस अडकला होता. गोदाक्काच्या काखेत पितळेचं पातेलं होतं. "कल्हई गेलीय गं याची, ताक कळकतंय. म्हटलं येतेच आहे तर घेऊन यावं."

शेवंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात चालायला हवेत! कल्हईला भांडं लागतं, कापूस लागतो आणि भाता मारायला दंड लागतात. सगळं दारात उभं होतं.

"भाता मारा ना, सोपानदादा!" ती ओरडली. गिरणीवाल्यांचं नाव आपोआप जिभेवर आलं होतं.

निखारे फुलले. पातेलं लालबुंद झालं. शेवंतीने भांडं साफ करणारी नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उसळला, डोळे चुरचुरले. कथील टेकवून तिने कापसाचा बोळा गरगर फिरवला. धुकं उंबरा ओलांडून भट्टीपर्यंत आलं. तिचा हात भीतीने अडला.

"थांबू नकोस," बाबांचे ओठ पुटपुटले. "कथील गार होईल. फिरव!"

तिने फिरवला. सबंध पातेलं रुपेरी झालं. पाण्यात बुडवताच चर्रर्र आवाज झाला आणि त्या चकाकीतून परी वर उसळली, गुलाबी, पोपटी, सोनेरी.

"स्वतःसाठी मागितलं नाहीस, म्हणूनच सगळं मिळालं, सोनुली," ती हसून म्हणाली आणि उजेडाच्या एका लोटात विरून गेली. त्या उजेडाने विसर फाटत फाटत आळीबाहेर पळाला. जाता जाता बाबांचा खोकलाही घेऊन गेला.

गोधडीखालून बाबांच्या पायांची बोटं हलली. शेवंतीने ती मोजली. दहाच्या दहा!

घराघरांत दिवे लागले. भात्याचा वारा थांबला, पातेलं निवलं, आमची गोष्टही निवत आली. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. माळ्यावरचा धुळकट हंडा कडेवर घेऊन फुलवाल्या काकू उभ्या होत्या.

"शेवंतीचे बाबा," त्यांनी हाक मारली, "आहात ना घरात?"